शेजारी काय चालेल?

मृणालीचा राग कामतघरच्या वस्तीत कुणाला नवा नव्हता. नळावर कुणी हंडा पुढे सरकवला तर तिचा आवाज चाळीच्या शेवटच्या खोलीपर्यंत जाई, आणि शेजारच्या पॉवरलूमचा खडखडाटही त्यापुढे कमी पडतो, असं तिची आई कौतुकानं सांगे. पण त्या मंगळवारी सकाळी ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसल्यावर तिला जो राग आला, त्याला आवाजच फुटेना. समोर प्रोग्रामची एक ओळ होती. 'रिटर्न ट्रू.' म्हणजे, उत्तर द्या: हो. आणि त्या ओळीच्या वर, इंग्रजी अक्षरांत पण हिंदीत, एक शेरा होता: बाद में देखेंगे.

ते 'बाद में' काल दुपारी आलं होतं.

अंबाडी रस्त्यावर केसरीनाथ पाटलांचं मोठं गोदाम आहे. आधी तिथे त्यांचं भाताचं शेत होतं, मग रस्ता रुंद झाला आणि शेतावर पत्रे चढले. कापडाचे तागे, सुताच्या गोणी, कापड रंगवणाऱ्या डाइंगवाल्यांची रसायनं, सगळं तिथे येऊन पडतं. काल दुपारी ॲसिडचा एक कॅन तळाशी फुटला. ॲसिड वाहत शेजारच्या ब्लीचिंग पावडरच्या गोणींखाली गेलं आणि पिवळट धूर निघाला, घशात गेला की माणूस गुदमरलाच असा. आत सोमी होती. दिघाशीच्या पाड्यावरची, नवऱ्याबरोबर तिथे हमाली करणारी. नवरा देवू तोंडाला टॉवेल गुंडाळून आत शिरला आणि तिला ओढत बाहेर घेऊन आला. ओढताना त्याचे दोन्ही हात ॲसिडात भाजले. सोमी आता सरकारी दवाखान्यात ऑक्सिजनवर होती.

आणि केसरीनाथशेठ सगळ्यांना सांगत सुटले होते, की चूक देवूची. ॲसिडच्या शेजारी ब्लीचिंग कोणी लावलं? त्यानं. उद्या सकाळी हवालदार गोदामात येणार होता आणि शेठ देवूच्या नावानं तक्रार देणार होते. बायको दवाखान्यात आणि नवरा चौकीत, असा त्यांचा बेत.

पण कोणता माल कुठे लावायचा हे देवू ठरवतच नव्हता, आणि ही गोष्ट मृणालीइतकी कोणाला माहीत असणार? ते ठरवणारी वेबसाइट तिनंच बांधली होती. गोदामाच्या केबिनमध्ये चांगदेव नावाचा सुपरवायझर बसायचा. आलेला माल तो साइटवर टाकायचा, साइट रॅकचा नंबर सांगायची, चांगदेव तो नंबर ओरडायचा आणि हमाल तिथे माल लावायचे. देवूला त्यात स्वतःचं डोकं चालवायची मुभाच नव्हती. चालवलं असतं तर चांगदेवनं शिव्या घातल्या असत्या.

साइट बांधताना मृणालीनं एक गोष्ट हट्टानं केली होती. जागा शोधणाऱ्या मुख्य प्रोग्रामनं कापड काय, सूत काय, रसायन काय, या भानगडीत पडायचंच नाही. त्यानं फक्त विचारायचं. आणि ज्याला या गोदामात माल म्हणून मिरवायचं असेल त्यानं चार प्रश्नांना उत्तर दिलंच पाहिजे: जागा किती लागेल, थर किती रचायचे, ओल चालेल का आणि शेजारी काय चालेल. या चार प्रश्नांच्या कराराला प्रोग्रामवाले इंटरफेस म्हणतात. साइट लिहायच्या पीएचपी या भाषेच्या नव्या, पाचव्या आवृत्तीत तो आला होता आणि मृणाली त्याच्या प्रेमात होती. चारातलं एक जरी उत्तर लिहायचं राहिलं तरी साइट चालत नाही, 'फेटल एरर' म्हणून तोंडावर फेकते. उद्या गोदामात हत्ती आणून उभा केलात तरी माझ्या मुख्य प्रोग्रामची एक ओळ बदलणार नाही, हत्तीनं चार उत्तरं दिली की झालं, असं ती ऐटीत सांगायची.

कापडाची उत्तरं तिनं लिहिली. सुताची तिनंच लिहिली. रसायनांची लिहायला घेतली धनेशनं, कारण मृणाली जिथे नोकरी करायची ती कंपनी त्याची होती आणि डेमोची तारीख डोक्यावर आली होती. त्यानं तीन लिहिली आणि चौथ्याला 'हो' म्हणून मोकळा झाला. ॲसिडशेजारी ब्लीचिंग चालेल? हो. ब्लीचिंगशेजारी काडेपेट्या? हो. कशाहीशेजारी काहीही? हो, हो, हो. बाहेरून बघणाऱ्याला करार पाळलेला दिसत होता. इंटरफेस उत्तर आहे का तेवढंच तपासतो, ते खरं आहे का ते त्याला कळत नाही. आणि ती फाइल उघडून बघायचं मृणालीला गेले आठ महिने काही कारणच पडलं नव्हतं.

धनेश आला तो मोबाइलवर बोलतच. तो तिच्या शेजारच्या आळीतला, तिच्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. अंजूर फाट्याजवळ दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन त्यानं ही कंपनी थाटली होती. मृणाली त्याला दादा म्हणायची.

"दादा, हे काय आहे?" तिनं मॉनिटर त्याच्याकडे फिरवला.

त्यानं बघितलं. चेहऱ्यावरचा रंग क्षणभर उतरला, पण क्षणभरच. "ते होय. डेमोच्या दिवशीचं आहे. सारखी एरर येत होती, शेठ समोर बसलेले. काय करणार होतो?"

"एरर येत होती कारण उत्तर लिहिलं नव्हतंस! एरर त्यासाठीच ठेवली होती मी!"

"मग दिलं ना उत्तर? आणि खरं सांगू, हा तुझाच हट्ट. चारही उत्तरांची फंक्शन असलीच पाहिजेत, नाहीतर साइट बंद. साधं सोपं लिहिलं असतं तर ही वेळच आली नसती."

मृणालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस खोटं बोलतो ते एक वेळ समजू शकतं, पण स्वतःचं खोटं दुसऱ्याच्या प्रामाणिकपणाच्या गळ्यात बांधायचं म्हणजे कमाल झाली. "सोमी मरता मरता वाचली, दादा. अजून वाचली असंही डॉक्टर म्हणत नाहीत. आणि तू मला सोपं लिहायला शिकवतोस? शेठना फोन लाव. आत्ता. सांग की साइट चुकली."

"वेडी आहेस का? हे बाहेर गेलं तर उद्यापासून कोण आपल्याला काम देईल? तुझी नोकरी, माझी कंपनी, सगळं बसेल. देवूचं काय, जबाब देईल नि सुटेल. असल्या केसमध्ये काही होत नाही."

"तुला होत नाही. त्याला होतं."

"तू शांत हो. मी बघतो," धनेश म्हणाला. त्याचं 'बघतो' म्हणजे काय असतं ते स्क्रीनवर लिहिलेलंच होतं. मृणालीनं पर्स उचलली आणि ती दवाखान्याकडे निघाली.

सोमी डोळे मिटून पडली होती. मास्कखाली तिची छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि मधूनच खोकल्याची उबळ आली की सगळी खाट हलायची. देवू खाटेशेजारी जमिनीवर बसला होता. दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या. मृणालीला त्यानं गोदामात एकदोनदा बघितलं होतं.

"कशाला आलात बाय?" तो म्हणाला. उठला नाही. "शेटनी पाठवला काय तुमाला?"

"नाही. मी माझी आले. देवू, तुझी चूक नाहीये. मला माहिताय."

"मना पन माहीत हाय!" तो एकदम भडकला. पलीकडच्या खाटेवरची बाई वळून बघायला लागली. "चांगदेव वरडला नंबर, आमी लावला. तुमच्या मशीननं सांगला तिथंच लावला. आता बोलतात तू लावला. मी लावलाच ना! मी न्हाय बोलतच न्हाय! पन कोनी सांगला? त्या कोनच बोलत न्हाय. चांगदेव पन न्हाय बोलत. मना उद्या आत टाकला तं हिच्याजवल कोन बसंल? तुमी बसाल?"

मृणालीला राग तर येत होता, पण तो कोणावर काढायचा ते इथे कळेना. "उद्या सकाळी तू गोदामात ये," ती शेवटी म्हणाली. "हवालदार यायच्या आत. मी सगळ्यांसमोर साइटवर दाखवते, की ती ॲसिडशेजारी ब्लीचिंग लावायला हो म्हणते. मग कोण काय बोलतंय बघू."

देवू सोमीच्या मास्ककडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती गोदामात पोचली तेव्हा गेटसमोर ॲसिडच्या कॅननी भरलेला एक ट्रक उभा होता आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून कंटाळला होता. केबिनमध्ये केसरीनाथशेठ खुर्चीत, चांगदेव कॉम्प्युटरपुढे, आणि त्याच्या खांद्याशी, ताजी दाढी करून, धनेश. तो तिच्याआधीच येऊन पोचला होता. देवू दारात उभा होता. आत ये असं त्याला कोणी म्हटलं नव्हतं.

"काका," मृणालीनं थेट शेठनाच गाठलं, "देवूनं काही केलेलं नाही. साइटनं चुकीची जागा सांगितली."

"ह्या काय नवीन?" शेठनी धनेशकडे बघितलं. "तुझा मालक तर काय वेगलाच बोलतो, पोरी."

"शेठ, मी म्हटलं ना, तिला त्या बाईचं वाईट वाटलंय. मन हळवं आहे तिचं." धनेश मऊ आवाजात म्हणाला. "तुम्ही स्वतःच बघा ना. चांगदेव, ब्लीचिंग टाक. शेजारी ॲसिड दे."

चांगदेवनं टाकलं. स्क्रीनवर ठसठशीत अक्षरं आली: येथे ठेवता येणार नाही.

"झाला?" शेठ म्हणाले. "साइट न्हाय बोलते. सरल न्हाय बोलते. म्हंजे ह्यानंच आपल्या मनानं लावला."

"मी तर बरोबरच नंबर सांगितला होता," चांगदेव की-बोर्डकडे बघत पुटपुटला.

देवूनं मृणालीकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, तेच तिला सहन झालं नाही. ही बाई पण त्यांच्यातलीच, एवढंच त्याला कळलं होतं. धनेशनं कालच्या कालच फाइल बदलून साइटवर चढवली होती. जुनी फाइल तिच्या कॉम्प्युटरवर होती, पण तिचा काय उपयोग? ही तूच आत्ता लिहून आणलीस, असं तो हसत हसत म्हणाला असता. आणि शेठनी ते मानलं असतं.

रागातच तिच्या डोक्यात एक विचार शिरला. कोणत्या रसायनाशेजारी कोणतं चालतं, याच्या जोड्या लिहून काढायच्या म्हणजे आठवड्याचं काम. गोदामात शंभर तऱ्हेची पिंपं आणि गोणी. हे सगळं एका संध्याकाळीत केलं? कोणी? धनेशनं?

"ऊठ," ती चांगदेवला म्हणाली.

"आता काय आणखी?" धनेश म्हणाला.

"ऊठ म्हटलं ना!" चांगदेव उठला. ती बसली. "काका, इकडे बघा. ॲसिडशेजारी ॲसिडच ठेवते. एका कॅनला लागून तसलाच दुसरा कॅन." तिनं बटण दाबलं.

येथे ठेवता येणार नाही.

"ब्लीचिंगच्या गोणीशेजारी ब्लीचिंगची गोणी."

येथे ठेवता येणार नाही.

"डाइंगवाल्यांचं मीठ येतं ना तुमच्याकडे? तेही रसायनांतच टाकलंय. मिठाशेजारी मीठ."

येथे ठेवता येणार नाही.

केसरीनाथशेठ खुर्चीतून पुढे झुकले. शेतीचे दिवस गेले, गोदामाचे आले, पण मिठाच्या गोणी त्यांनी स्वतःच्या पाठीवर वाहिलेल्या होत्या. "मिठाच्या गोनीला मिठाची गोन चालत न्हाय? मग कुठं ठेवायची, माझ्या डोक्यावर?"

"शेठ, ते जरा सेटिंग..."

"गप रं तू." शेठनी केबिनच्या काचेतून गोदामात बघितलं. लांब भिंतीच्या रॅकवर ॲसिडचे निळे कॅन एकमेकांना चिकटून ओळीनं उभे होते. "आठ महिने झाले, त्या रॅकवर एकेक कॅन साइटला विचारून लावलाय. मीच सांगितला होता, साइटला विचारल्याबिगर एक खोका हलवायचा न्हाय. ही जर पयल्यापासून असा न्हाय बोलत होती, तर ते कॅन चिकटून कोनी लावले? तुझ्या बापानं?"

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला.

"मी सांगते," मृणाली म्हणाली. आता आवाज फुटला होता आणि तो आवरायचा तिला मुळीच विचार नव्हता. "सोमवारपर्यंत ही साइट प्रत्येक रसायनाला हो म्हणत होती. काय आहे, शेजारी काय आहे, काही न बघता हो. काल यानं ते खोडलं आणि तिथे नाही लिहिलं. तेही काही न बघता. एक शब्द बदलला, काका! बायको ऑक्सिजनवर आहे त्याची, आणि या माणसानं रात्रीत काय केलं, तर एक शब्द बदलला. तेवढंही काम धड करावंसं वाटलं नाही. मी याला दादा म्हणत होते."

"मृणाली, हे तू फार..."

"धनेश, एक शब्द बोलू नकोस."

आळीतल्या मोठ्या माणसाला तिनं असं कधी नुसत्या नावानं हाक मारली नव्हती. चांगदेव भिंतीला सरकला, आणि मग, बहुधा आता बाजू बदललेली बरी म्हणून, म्हणाला, "शेठ, साइटनंच दिला होता तो नंबर. मी घाबरलो, म्हणून बोललो नाही."

शेठनी त्याच्याकडे असं बघितलं की तो आणखी सरकला. मग मोबाइल काढून त्यांनी हवालदाराला सांगितलं, की आज यायची गरज नाही, आपसात मिटलंय. मृणालीला वाटलं, आता ते दाराकडे वळतील, देवूला काहीतरी म्हणतील. माफी नाही तर नाही, निदान सोमी कशी आहे एवढं तरी विचारतील. तिनं वाटही बघितली. शेठ वळले खरे.

"चल रं देवू, झाला गेला," ते म्हणाले. "हातानं न्हाय जमला तर बाकीच्यांना दाखव. ती गाडी कवापासून उभी हाय. कॅन उतरवून घ्या."

एवढंच. धनेश लबाड होता, पण हे लबाडीहूनही वाईट होतं. या माणसाला कळलं होतं आणि तरीही काहीच वाटलं नव्हतं.

देवू हलला नाही. त्यानं शेठकडे बघितलं नाही, धनेशकडेही नाही. "बाय," तो मृणालीला म्हणाला, "कुठं लावू?"

तिनं स्क्रीनकडे बघितलं. तिथे अजून ती ठसठशीत अक्षरं होती. फुटलेल्या कॅनच्या रॅकखाली ॲसिड मारायला टाकलेल्या चुन्याचा चिखल अजून ओला होता. बाकीच्या रॅकवर आठ महिन्यांत साइटच्या त्या आंधळ्या होकारावर काय काय कशाशेजारी जाऊन बसलं असेल, ते आता या गोदामात कोणालाच सांगता येत नव्हतं. शेठ वाट बघत होते. चांगदेव वाट बघत होता. ड्रायव्हर दारापर्यंत येऊन उभा राहिला होता. तिच्या जिभेवर सहज आलं, कुठेही, त्या कोपऱ्यात लाव, तात्पुरतं चालेल. तोंड उघडलंही होतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"आँ?" शेठ ओरडले.

"मला माहीत नाही, काका. आतलं सगळं बघावं लागेल, एकेक. केव्हा होईल तेही आत्ता सांगत नाही."

"संध्याकाळपर्यंत होईल, शेठ," धनेश घाईघाईनं म्हणाला. "मी बसतो ना. हो, होईल, नक्की."

देवूनं पट्ट्या बांधलेले हात छातीशी धरले. "माहीत न्हाय तं कोन हात लावनार न्हाय," तो शांतपणे म्हणाला. शेठना नव्हे, मागे जमलेल्या हमालांना. ते एकेक करून रॅकपासून बाजूला झाले आणि पत्र्याच्या सावलीत जाऊन बसले. शेठ त्यांच्यामागे शिव्या देत बाहेर धावले. धनेश त्यांच्यामागे.

देवू गेटमधून बाहेर पडून रस्त्याला लागला होता. भाजलेल्या हातानं त्याला रिक्षाला हात करता येत नव्हता, म्हणून तो दवाखान्याकडे चालतच निघाला. मृणालीनं धावत जाऊन एक रिक्षा अडवली.

"बसा," देवू आधी तिला म्हणाला आणि मग स्वतः चढला. "सोमीला सांगा तुमीच. मी सांगितला तं तिला पटायचा न्हाय, कोन मशीनवाला असा माहीत न्हाय बोलला म्हनून."